भातातली परकी ओळ

शाल्मलीच्या घरचा तांदूळ खोटं बोलतो, असं एका यंत्राने जाहीर केलं आणि चांदेघोळ गावाच्या तोंडचं पाणी पळालं.

यंत्र होतं पार तिकडे बंदरावर, धान्य तपासणी केंद्रात. तांदूळ होता केवडसाळीचा. केवडसाळ म्हणजे सह्याद्रीच्या कुशीतल्या चांदेघोळचं भूषण. दाणा बुटका, दिसायला अगदी साधा, पण शिजायला लागला की तिसऱ्या घरातला माणूस डोकावून विचारणार, "काय, आज कोण पाहुणं आल्यात?" त्या वर्षी ही केवडसाळ पहिल्यांदाच परदेशी निघाली होती. पोत्यांवर ठळक अक्षरांत छापलं होतं, 'पारंपरिक वाण. जनुकबदल केलेला नाही.' आणि नमुना तपासून यंत्र म्हणालं, 'जनुकबदलाची खूण सापडली.'

ही गोष्ट तुम्ही मोठे होऊन आपल्या मुलांना शाळेत सोडायला जाल, त्या काळातली आहे. तेव्हा जनुकबदल केलेलं धान्य पिकवायला मनाई नव्हती. मनाई होती ती लपवाछपवीला. पोत्यावर एक आणि पोत्यात भलतंच असं निघालं, तर माल जायचाच, शिवाय ज्या बियाण्यातून तो आला तेही भट्टीत जायचं. केंद्राने कळवलं होतं, 'शनिवारपर्यंत खुलासा करा. नाहीतर माल आणि बियाणं, दोन्ही नष्ट होईल.'

आता केवडसाळीचं बियाणं होतं कुठे? सगळ्या जगात एकाच ठिकाणी. गावातल्या बायकांच्या बियाणे गटाच्या कोठीत, शेणाने सारवलेल्या कणगीत. शाल्मलीची आई त्या गटाची प्रमुख. भात पिकला की ती शेतात शिरायची आणि भरलेल्या, न लोळलेल्या लोंब्या तेवढ्या निवडून बियाण्यासाठी बाजूला काढायची. शाल्मली चालायला लागल्यापासून तिच्यामागे टोपली घेऊन फिरत होती. त्या कणगीत तिने निवडलेल्या लोंब्याही होत्या. ती कणगी जळणार या विचाराने तिला जेवण जाईना.

"आई, खरंच आपल्या भातात काही घातलंय का गं कुणी?"

"कोण घालतंय?" आई फणकारली. "माझ्या सासूबाईंच्या हातचं बियाणं हाय ते. त्यात खडा न्हाई गावायचा, आन् ह्यांना खूण गावली म्हनं!"

पण गावात वेगळीच कुजबुज सुरू झाली होती आणि ती शाल्मलीच्या कानावर आली होती. तिचे आजोबा, डॉ. रणजित शिंत्रे, हे जनुकशास्त्रज्ञ. समुद्राचं पाणी शिरून खारट झालेल्या कोकणातल्या जमिनींसाठी त्यांनी खारसाळ नावाचा जनुकबदल केलेला भात तयार केला होता. 'रणजितरावांच्याच प्रयोगातलं काहीतरी इकडं आलं असणार,' असं लोक म्हणत होते. शाल्मलीला राग आला होता. पण खरं सांगायचं तर राग कमी आणि भीती जास्त होती. कारण आजोबा दर मे महिन्यात गावी यायचे. कधी त्यांच्या पिशवीतून एखादा दाणा सांडला असेल तर?

बुधवारी दुपारी आजोबा आले. हातात एक पत्र्याची ट्रंक आणि मागोमाग तुरुतुरु चालणारा पाखड्या. पाखड्या हा त्यांचा यंत्रमानव. उंची स्टुलाएवढी, हात दोन बारीक चिमट्यांसारखे, आणि पोटात अख्खी प्रयोगशाळा. बोलायचा मात्र छापील पुस्तकासारखा.

"नमस्कार. कृपया मला चुलीपासून दूर ठेवावे. माझ्या पोटातले तापमान बिघडते," तो म्हणाला.

"ह्याला च्या चालतो का?" आईने पदराने घाम पुसत विचारलं. कितीही संकट असलं तरी तिच्या घरात आलेल्याला विचारल्याशिवाय राहायचं नाही, मग तो पत्र्याचा का असेना.

शाल्मलीने मात्र चहा होईपर्यंतही दम धरला नाही. "आजोबा, तुमची खारसाळ आमच्या भातात शिरलीय का?"

आई दचकली. "असं बोलत्यात व्हय गं मोठ्यांशी?"

"बोलू दे, श्रावणी," आजोबा म्हणाले. "मी रात्रभर हाच प्रश्न स्वतःला विचारतोय. भाताचे पराग फार लांब उडत नाहीत आणि खारसाळीची शेतं घाटाखाली आहेत. तरीपण 'शिरली नसेल' आणि 'शिरली नाही' यांत फरक आहे. चल, बघूनच टाकू."

कोठीतल्या पोत्यांत एक टोकदार पोकळ नळी खुपसून त्यांनी वरचे, मधले, तळाचे असे दाणे काढले. पाखड्याने ते दळले, त्यात कसलंसं पाणी ओतलं आणि पोटाचं झाकण लावून घेतलं. यंत्र गुणगुणू लागलं.

"आता हा आत काय करतोय?" शाल्मलीने विचारलं.

"वाचतोय. प्रत्येक दाण्यात असंख्य पेशी असतात आणि प्रत्येक पेशीत डीएनए (सजीवाची घडण लिहून ठेवलेला लांबच लांब धागा). तुझ्या आईची एखादी पाककृतींची वही असेल असं समज. उंची किती, वास कसला, दाणा बुटका की लांब, सगळं त्यात लिहिलेलं. त्यातली एकेक कृती म्हणजे एकेक जनुक (पेशीला दिलेली एक सूचना)."

"आणि तुम्ही खारसाळीच्या वहीत काय लिहिलंत?"

"खाडीकाठची काही झाडं खाऱ्या पाण्यातही मजेत जगतात. त्यांच्या वहीतली ती एक कृती मी उतरवून भाताच्या वहीत चिकटवली. पण नुसती चिकटवून भागत नाही. घरात नवा दिवा लावलास, तर तो पेटायला काय लागतं?"

"बटण."

"तसंच जनुकालाही बटण लागतं. त्याला म्हणतात प्रवर्तक (जनुकाला 'कामाला लाग' असं सांगणारा तुकडा). एक बटण इतकं जोरदार निघालं, की जगभरातल्या खूप शास्त्रज्ञांनी तेच वापरलं. मीसुद्धा. ते आम्ही कुणाकडून उसनं घेतलं असेल, सांग? एका विषाणूकडून (दुसऱ्याच्या पेशीत शिरूनच वाढू शकणारा अतिसूक्ष्म रोगजंतू). फ्लॉवर आणि कोबीला आजारी पाडणाऱ्या विषाणूकडून!"

"शी! विषाणूचा तुकडा? तो खायचा?"

"अगं, तो विषाणू फक्त त्या भाज्यांच्या मागे लागतो, माणसाला काही करत नाही. बाजारातून आणलेल्या कोबीबरोबर आपण त्याला कितीदा गिळलाय, ते त्यालाही ठाऊक नसेल."

मग आजोबांनी खरी मेख सांगितली. कुणी कुठला नवा दिवा लावलाय, हे तपासणाऱ्याला आधी माहीत नसतं. पण बटण बहुतेकांचं सारखं. म्हणून केंद्रातलं यंत्र आधी ते बटणच शोधतं. भाताच्या स्वतःच्या वहीत ही ओळ कधीच नसते. ती परकी ओळ दिसली, की यंत्र ओरडतं.

"पण एवढ्याशा धाग्यातली एक ओळ दिसते कशी?"

"तांदळातला खडा तुझी आई कसा शोधते? ताटात पसरून, डोळे ताणून. यंत्र उलटं करतं. ते खडा शोधत नाही, खड्यालाच वाढवतं. डीएनएचा धागा दुपदरी असतो. तापवला की पदर सुटतात. थंड केला की आपण सोडलेले छोटे वेचक (हव्या त्या ओळीलाच जाऊन चिकटणारे तुकडे) ती परकी ओळ हुडकतात आणि तिची नक्कल सुरू होते. एकाच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ. ओळ नसेल, तर कितीही तापवा, वाढायला काही नाहीच. असेल, तर तासाभरात कोट्यवधी खडे. आंधळ्यालाही दिसतील."

तेवढ्यात पाखड्याचं पोट वाजलं. "चाचणी पूर्ण. कोठीतल्या तांदळात प्रवर्तक आढळला नाही. शिवाय मी शिवणही तपासली."

"शिवण?"

"ठिगळ लावलं की कडेला शिवण येते ना? नवा तुकडा डीएनएत जिथे जोडला जातो तो सांधा," आजोबा म्हणाले. "प्रत्येक वाणाची शिवण वेगळ्या जागी. खारसाळीची माझ्या ओळखीची आहे. बोल रे पाखड्या."

"खारसाळीची शिवण आढळली नाही."

आजोबा ओट्यावर बसले. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढून पुसला. शाल्मलीच्या लक्षात आलं, की आपल्यापेक्षा तेच जास्त घाबरले होते. तिने त्यांचा हात धरला. गावात तोंड वर करून फिरायला आता हरकत नव्हती.

"म्हंजे सुटलो आपण?" आईने विचारलं.

"नाही, श्रावणी. एक तर मी घरचा माणूस. लोक म्हणतील, आपला तो बाब्या. आणि दुसरं, ह्या नमुन्यात खूण नाही, म्हणून केंद्राच्या नमुन्यातली खोटी ठरत नाही. त्यांना ती दिसलीय. कुठून आली, ते सांगता आलं पाहिजे."

म्हणजे कोडं होतं तिथंच. कोठीतला तांदूळ निर्मळ, तोच तांदूळ बंदरावर पोचेपर्यंत दोषी. वाटेत त्याने केलं तरी काय?

आजोबांनी पडद्यावर केंद्रातल्या नौशीन मुकादम मॅडमना गाठलं. मॅडम कामाच्या चोख होत्या. "डॉक्टर, मला तुमच्याबद्दल आदर आहे," त्या म्हणाल्या, "पण निकाल निकाल आहे. एक मात्र सांगते. खूण फार उशिरा उमटली, कितीतरी वेळा दुप्पट झाल्यावर. दाण्यादाण्यात असती तर लवकर दिसली असती. म्हणजे जे काही आहे, ते अगदी चिमूटभर. तरी कारण मिळाल्याशिवाय मला सोडता येणार नाही. नवा नमुना पाठवा, तोही तपासू."

गुरुवारी सकाळी नवा नमुना निघाला. आजोबांनी नव्याकोऱ्या डबीत तांदूळ भरून तोंड लाखेने बंद केलं, डबी खोक्यात ठेवली आणि अंगणात उडत्या टपालाची वाट बघत उभे राहिले. आकाशात घरघर ऐकू आली तशी आई परसातून धावतच आली. काखेत चांगला परडीएवढा फ्लॉवरचा गड्डा, पानांसकट.

"मामंजी, थांबा थांबा! ह्यो ठेवा वर."

"अगं, हे काय?"

"वानवळा! नुसतंच खोकं कसं धाडायचं? त्या बाईंनी आपल्यापायी परत काम काढलंय. परसातलं ताजं आपलं काहीतरी. मोकळ्या हातानं कुणाकडं जाऊ न्हाई आन् काही धाडू न्हाई."

आता वानवळा म्हणजे काय ते आपल्याकडे कुणाला सांगायला नको. घरचं पहिलं, ताजं जे असेल, ते दुसऱ्याच्या घरी पोचवायचं. त्यात लाच नाही, मतलब नाही, जीव लावणं तेवढं आहे. आजोबांना हसू आलं. "श्रावणी, तपासणी केंद्राला वानवळा पाठवणारी तू जगातली पहिलीच बाई."

"पहिली कशापायी? मागल्या टायमालाबी धाडला होता की."

आजोबा हसायचे थांबले. पण त्यांच्याआधी शाल्मलीच ओरडली, "आई! मागच्या वेळी काय पाठवलं होतंस?"

"ह्योच की. फ्लॉवर. ह्याच्याहून थोरला होता."

"तांदळाच्या खोक्यात?"

"मग काय डोक्यावर? तांदूळ फडक्यात बांधला, त्यावर गड्डा, पानं तशीच ठिवली, ताजा ऱ्हावा म्हणून. आन् त्यात वारं सुटलं, घाटावरनं उडतं टपाल जाईना. दोन दिस पडून होतं खोकं टपालाच्या पत्र्याच्या खोलीत. पानं पार कोमेजून गळली असतील बघ." मग दोघांचे चेहरे बघून ती घाबरली. "काय झालं? मी काय वंगाळ केलं का?"

शाल्मली परसाकडे पळाली. फ्लॉवरचा वाफा ती रोज बघत होती, पण आज पहिल्यांदाच पानांकडे बघत होती. हिरव्या पानांवर पिवळट ठिपके, शिरांच्या कडेने फिकट पट्टे, जणू कुणी रंग अर्धवट पुसलाय. पानांच्या पाठीला मावा चिकटलेला होता. एक पान तोडून तिने आजोबांपुढे धरलं.

"आजोबा, ते बटण फ्लॉवरच्या विषाणूचं ना? आणि आमचा फ्लॉवरच आजारी असला तर?"

आजोबांनी पान घेतलं, उलटंपालटं केलं आणि नातीच्या डोक्यावर हात ठेवला. "तर बटण असणारच. कुणी भाताला न लावता. त्याचं स्वतःचं बटण, त्याच्या स्वतःच्या अंगात! पानांचा रस फडक्यातून झिरपला, दाण्यांना चिकटला आणि यंत्राने तो चिमूटभर रस कोट्यवधी पट मोठा केला. शाल्मली, चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच गं."

"पण मॅडमना पटायचं कसं? त्या म्हणतील, बटण ते बटण."

"बरोबर बोललीस. मग असा प्रश्न विचारायचा, ज्याचं उत्तर भात आणि विषाणू वेगवेगळं देतील. विचार कर. आम्ही विषाणूकडून काय उसनं घेतलं होतं?"

"एक ओळ."

"आणि विषाणू स्वतः आला, तर?"

शाल्मली थांबली. मग तिचे डोळे मोठे झाले. "तर त्याची अख्खी वही येईल! बाकीच्या ओळीपण सापडतील!"

"शाब्बास! विषाणूच्या अंगावरचं कवच बनवणारं जनुक कुणीच भातात घालत नाही. त्याचा काय उपयोग? ते सापडलं, तर आरोपी भात नव्हे, विषाणू."

पाखड्याने पान वाटून बघितलं. "प्रवर्तक आढळला. कवचाचे जनुक आढळले. विषाणू संपूर्ण आहे," तो म्हणाला आणि जरा थांबून पुढे म्हणाला, "फ्लॉवरला बरे वाटत नाही."

नवी डबी फ्लॉवरशिवाय रवाना झाली. आईने गड्डा छातीशी धरून खोक्याकडे असं पाहिलं, जणू लेकीला रिकाम्या ओटीने सासरी धाडतेय. मग आजोबांनी नौशीन मॅडमना पुन्हा गाठलं.

"मॅडम, एक विचारू? मागच्या खोक्यात तांदळाबरोबर आणखी काय होतं?"

पडद्यावर मॅडम हातातले कागद उगाच चाळू लागल्या. चोख माणूस अडखळला की फार मजेशीर दिसतो. "होता. एक फ्लॉवर होता," त्या शेवटी म्हणाल्या. "उघडणाऱ्या यंत्राने 'नमुना नाही' म्हणून बाजूला ठेवला. आणि... आमच्या खानावळीतल्या मावशींनी त्याचा रस्सा केला. चांगला झाला होता."

आजोबांनी सगळं सांगितलं. मॅडमनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाल्या, "राखून ठेवलेला अर्धा नमुना त्याच फडक्यातला आहे. त्यात कवचाचं जनुक शोधते. जे येईल ते कळवीन. काहीही येवो."

शुक्रवार उजाडला आणि सरकत सरकत दुपार झाली. आईने कणगी पुन्हा सारवली. जळणार असेल तर सारवायची कशाला, असं कुणी तिला विचारलं नाही. शाल्मली तिच्या शेजारी बसून ओल्या शेणावर बोटं फिरवत होती. आपण नेमका प्रश्न विचारलाय खरा, पण उत्तर उलटं आलं तर? आजोबा म्हणाले होते, खरा प्रश्न तोच, ज्याचं उत्तर आपल्या विरुद्ध जाऊ शकतं. ते ऐकायला छान होतं. सोसायला फार अवघड होतं.

चार वाजता पडदा उजळला.

"जुन्या नमुन्यात विषाणूच्या कवचाचं जनुक सापडलं," नौशीन मॅडम म्हणाल्या. "नव्या नमुन्यात ते नाही आणि प्रवर्तकही नाही. आमच्या माहितीतल्या एकाही वाणाची शिवण दोन्हींत नाही. तुमचा तांदूळ खरं बोलत होता, श्रावणीताई. आमच्या यंत्राने त्याला अर्धाच प्रश्न विचारला. उद्यापासून ही दुसरी चाचणीही आम्ही नेमाने करू. आणि नमुन्याच्या खोक्यात काय काय येतं, तेही बघू."

आईने ऐकलं आणि शेणाने भरलेल्या हातांनीच शाल्मलीला कुशीत ओढलं. शाल्मलीचा फुलाफुलांचा फ्रॉक वाया गेला आणि तिला त्याचं काहीच वाटलं नाही. तिचा जीव भांड्यात पडला होता. तिला हसायचं होतं, पण आधी रडूच आलं.

त्या संध्याकाळी घरात केवडसाळीचा भात शिजला. वासाने कुजबुजणारे शेजारीही आले आणि पोटभर जेवून गेले. आजोबांनी कुणाला काही ऐकवलं नाही, नुसता तूप वाढायचा आग्रह केला.

"आजोबा," जेवता जेवता शाल्मली म्हणाली, "तुमची खारसाळ वाईट नाही ना?"

"नाही गं. खाऱ्या पाण्याने ओसाड पडलेल्या शेतांत तिच्यामुळे पुन्हा भात डोलतो. पण खारसाळीच्या पोत्यावर खारसाळीचं नाव हवं आणि केवडसाळीच्या पोत्यावर केवडसाळीचं. खाणाऱ्याला आपण काय खातोय ते कळायला हवं, एवढंच. म्हणून बनवणाऱ्याइतकाच तपासणाराही लागतो."

"मग मी तपासणारी होणार. असा कागद बनवणार, की दाणा घासला की ओळ वाचून दाखवेल. पाखड्याचीसुद्धा गरज नाही."

"मी ऐकले," पाखड्या कोपऱ्यातून म्हणाला.

रविवारी आईने आजारी रोपं उपटून टाकली आणि वाफ्याच्या दुसऱ्या टोकाचा एक ठणठणीत गड्डा निवडला. तो ठेवला वेगळ्या खोक्यात. मॅडमच्या खानावळीसाठी. सोबत रश्शाला लागतील म्हणून ओल्या मिरच्याही टाकल्या. उडतं टपाल अंगणात उतरलं, तेव्हा शाल्मली खडू घेऊन पुढे झाली आणि खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं,

'वानवळा. तपासायचा नाही, खायचा आहे.'